बुधवारचं गाव

"तू तिकडे नक्की काय करतेस?" हा प्रश्न आईपासून सोसायटीच्या वॉचमनपर्यंत सगळ्यांनी विचारून झालाय, आणि माझं उत्तर अजून कुणालाही पटलेलं नाही. तरी एकदा सांगते, कारण त्याशिवाय हा प्रवास कळायचा नाही. सरकारी कचेऱ्यांचा कारभार सुधारावा म्हणून तीन देशांत एकाच वेळी चाललेला एक प्रकल्प आहे. त्याचं मुख्य ऑफिस युरोपात, इथलं पुण्यात आणि प्रत्यक्ष काम चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातल्या सहा गावांत. कल्पना साधी आहे. दाखल्यासाठी, जमिनीच्या कागदासाठी माणसानं दिवस मोडून तालुका गाठायचा, त्याऐवजी तालुक्याचा कारकून आठवड्यातून एक दिवस शिक्का आणि लॅपटॉप घेऊन गावात येऊन बसेल. सुधारणा कशी करायची ते हुशार माणसं ठरवतात. त्या सुधारणेची गाडी मी बघते. म्हणजे खरोखरची गाडी. कुठल्या गावात कुठल्या वारी, किती वाजता, टेबल कुणाचं, वीज गेली तर काय, कारकुनाच्या जेवणाचं काय, हे सगळं माझ्या गळ्यात. आई शेजारणींना सांगते, "ती एसटीच्या कंट्रोलरसारखं काम करते, फक्त इंग्रजीत." अगदी बरोबर सांगते.

वेळापत्रक मी पुण्यात बसून केलं होतं. सहा गावं, सहा वार, एक गाडी, एक कारकून. रंगीत आणि एका पानावर मावणारं. मला त्याचा इतका अभिमान होता की मी ते फ्रिजवर लावलं होतं. आता अडचण अशी, की प्रत्येक गावाच्या ग्रामसभेनं "हो, आम्हाला हे हवं" असा ठराव द्यायचा होता. पाच गावांचे ठराव आले. सहाव्याचा येईना. शनिवारपर्यंत तो आला नाही तर ते गाव यादीतून काढायचं आणि कचेरी दुसऱ्या गावाला द्यायची, असं वरून कळवलं गेलं. गावाचं नाव इथं लिहीत नाही. वेळापत्रकात ते 'बुधवार' होतं, तेवढं पुरे.

मी म्हटलं, मीच जाऊन ठराव घेऊन येते, त्यात काय एवढं! एप्रिलचे पहिले दिवस होते.

बल्लारपूर ते अहेरी

बल्लारपूरला गाडीतून उतरलं की आधी कागदाच्या गिरणीचा वास येतो. पहिल्यांदा मी नाकाला ओढणी लावली होती, आता त्या वासानं आलो एकदाचे असं वाटतं. स्टेशनबाहेर सकाळच्या पाळीला निघालेल्या दुचाक्यांची रांग आणि तिच्या पलीकडे आमची जीप. जीपला टेकून सुरेशभाऊ मेश्राम, आमचे ड्रायव्हर, खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचं मिश्रण, मळत उभे. गालात खर्रा असताना ते बोलत नाहीत आणि खर्रा नसताना थांबत नाहीत. शेजारी प्रज्ञा रामटेके. ही मूळची मूल गावाकडची, वडील शाळामास्तर होते. सहाही गावांची हिंडफिर प्रज्ञा करते, माणसं तिच्या ओळखीची, गोंडीही तिला येते. बोलते कमी. मी दोघींच्या वाटचं बोलते म्हणून आमचं जमतं.

टपरीवर आलूबोंडा खाल्ला. आमच्याकडच्या बटाटेवड्याचा हा दांडगा भाऊ. पुण्यात वड्याबरोबर चटणी मागितली तर दुकानदार उपकार केल्यासारखं बघतो. इथं न मागता वरून तर्री ओतली आणि पुन्हा विचारलं, "अजून टाकू का बाई?" डोळ्यांतून पाणी आलं, पण मी हो म्हटलं.

गोंडपिपरी सोडली, आष्टीला वैनगंगा ओलांडली. नदी उन्हानं आटून वाळूत रुतल्यासारखी दिसत होती. पुढे आलापल्लीच्या रस्त्यावर सूरजागडकडून येणारे लोहखनिजाचे ट्रक सुरू झाले. रस्त्याकडेच्या झाडांची पानंसुद्धा लाल. ट्रकांची रांग संपली आणि सागाचं जंगल लागलं, उघडंबोडकं, पानं सगळी खाली. त्या कोरड्या जंगलातून मधूनच एक गोड, जडसर वास यायचा.

"मोह," प्रज्ञा म्हणाली. "झडून राह्यला आता."

मी माझी वही उघडली. "बरं, मला त्या बाईंचं सांग. अख्खं गाव तयार आहे आणि एक बाई अडवून बसलीये, असं तुझ्या अहवालात आहे. कोण ही?"

"जैनीबाई हिचामी. पण ताई, तिचं म्हणणं मी शेऱ्यात लिवलं होतं."

"हो हो, बघते," मी म्हटलं आणि उद्याच्या सभेची वेळ नक्की करायला घेतली. सकाळी दहा. प्रज्ञानं काही तरी बोलायला तोंड उघडलं, मग खिडकीबाहेर बघू लागली. हे मला आज आठवतंय. तेव्हा मी दहाच्या खाली दोनदा रेघ मारत होते.

गावात, गुरुवारी

अहेरीहून भल्या सकाळी निघून आम्ही दहाला दहा मिनिटं कमी असताना गावात पोचलो. गोटुलच्या मोठ्या छपराखाली, जिथं गावाच्या सभा होतात, तिथं एक कुत्रं झोपलं होतं. बाकी चिटपाखरू नाही. घरांना नुसती कडी. अंगणाअंगणात पिवळसर पांढरी फुलं वाळत घातलेली.

"गेले कुठे सगळे?"

सुरेशभाऊंनी खर्रा थुंकला, म्हणजे आता बोलणार. "म्याडम, मोहाच्या दिवसात सकाळी दहाले गावात कोन भेटते? पहाटेपासून जंगलात असते गाव. दुपारी येतीन."

"मग हे कुणी मला सांगितलं का नाही?"

सुरेशभाऊंनी प्रज्ञाकडे बघितलं, प्रज्ञानं माझ्या वहीकडे. माझ्या तोंडात मारल्यासारखं झालं. भातकापणीच्या दिवसांत साताऱ्याला माझ्या आजोळी कुणी सकाळी दहाला सभा ठेवली असती तर मामानं त्याला वेड्यात काढलं असतं. तीन तास मी त्या कुत्र्याशेजारी बसून ईमेलं लिहिली. रेंज नव्हती, त्यामुळे ती गेली नाहीत.

दुपारी टोपल्या डोक्यावर घेऊन गाव परतलं. जेवणं झाली. मलाही एका घरी भात, भेदरं म्हणजे टोमॅटोची झणझणीत चटणी आणि वर तांब्याभर आंबील मिळाली. ऊन कललं तशी माणसं गोटुलमध्ये जमली. ग्रामसभेचे सचिव रैनूभाऊ, चाळिशीचे, खिशाला पेन, त्यांनी "जोहार" केला आणि मला एकुलत्या एक खुर्चीवर बसवलं. मी ती बाजूला सारून खाली बसले तर सगळे हसले, पण बरं हसले.

मी प्रकल्प समजावला, प्रज्ञानं गोंडीत सांगितलं. रैनूभाऊंनी एकेकाला विचारलं. हाव, हाव, हाव, म्हणजे हो. मग खांबाला टेकून बसलेल्या एका बाईजवळ ते थांबले. साठीच्या आसपास, शिडशिडीत, हात मोहाच्या रसानं चिकट. तीच जैनीबाई. ती गोंडीत एक वाक्य बोलली.

"त्यायले दिवस पटला नाई," रैनूभाऊ मला म्हणाले. "बुधवार नको म्हणते."

इथं मी जे केलं ते प्रामाणिकपणे लिहिते. मी का म्हणून विचारलं नाही. मला वाटलं, वाराचं काही तरी असेल, शकुन-अपशकुन. मी वेळापत्रकाचा रंगीत कागद वर धरला आणि सहा गावं, सहा वार, एक गाडी हे सगळं पुन्हा समजावलं. एक दिवस हलवला तर सगळं कोसळेल म्हणाले. आणि शेवटी म्हणाले, "बाकी सगळे तयार आहेत ना? मग बहुमत झालं. लिहा ठराव." छापील अर्जावर दोन चौकटी होत्याच, 'बाजूने' आणि 'विरोधात'. "विरोधात एक लिहा. काही बिघडत नाही."

रैनूभाऊंनी पेन खिशातून काढलंच नाही.

"म्याडम, आमी हात मोजत नाई. हात मोजले का गाव दोन होते. जो हरते तो मंग दुसऱ्या कामाले येत नाई. सगळे हाव म्हणतीन तवाच लिवतो."

"आणि एखादा कधीच हो म्हणाला नाही तर?"

"तर मंग बसतो पुन्हा. उद्या बसू."

मला आमच्या सोसायटीची सभा आठवली. पार्किंगच्या प्रश्नावर आम्ही हात मोजले होते. ठराव चुटकीसरशी झाला आणि तेव्हापासून दुसऱ्या मजल्यावरचे दोन शेजारी एकमेकांशी बोलत नाहीत, लिफ्टमध्ये एक असला की दुसरा जिन्यानं जातो. पण हे सुचून उपयोग काय! शनिवार परवावर आला होता.

जीपकडे आलो तर मागचं चाक बसलेलं. स्टेपनी काढली तर तीही बसलेली. सुरेशभाऊंनी सायकलवाल्याकडून पंप मागवला, पंक्चर काढलं, चाक चढवलं आणि घड्याळ माझ्यासमोर धरलं. "चार वाजून वीस मिनिटं झाले. आता निघता येत नाई."

"का? चाक तर झालं."

"नियम हाय. चारच्या नंतर गावातून गाडी हलवायची नाई."

"कुणाचा नियम?"

"तुमचाच. मागच्या शिटावर चिकटवून हाय." आणि त्यांच्या चेहऱ्यावर असा काही आनंद पसरला की मला राग यायच्या ऐवजी हसू आलं. जंगलातला रस्ता, अंधाराच्या आत गाडी मोठ्या रस्त्याला लागलेली बरी म्हणून तो नियम मीच केला होता, जाड अक्षरात.

"मग राहायचं कुठे?"

प्रज्ञा शांतपणे म्हणाली, "मी आली का जैनीबाईकडेच राह्यतो."

घ्या! जिच्यामुळे अडलं तिच्याच अंगणात माझी खाट पडली. आणि भाताची थाळी पुढे ठेवताना त्या बाईच्या कपाळावर एक आठी नाही. जेवताना प्रज्ञानं मला आणखी एक गोष्ट सांगितली. जैनीबाईच्या नवऱ्याच्या नावानं वनहक्काचा पट्टा, म्हणजे कसायच्या वनजमिनीचा हक्काचा कागद, होता. तो वारला. दोन मुली, दोघी लग्न होऊन गेलेल्या. पट्ट्यावर वारस म्हणून आपलं नाव लागावं यासाठी ती कचेरीत सात वेळा जाऊन आली. नाव अजून लागलं नाही. आणि जोवर तिचं नाव नाही तोवर जो कुणी कागद घेऊन आधी पोचेल त्याचं नाव लागायची भीती.

"म्हणजे अख्ख्या गावात या कचेरीची सगळ्यात जास्त गरज हिला आहे?"

"हाव."

"मग ही अडवते कशाला!" मी जवळजवळ ओरडलेच. आत भांडी घासायचा आवाज क्षणभर थांबला आणि पुन्हा सुरू झाला.

मोहाखाली

पहाटे कुणी तरी माझी खाट हलवली. जैनीबाई. हातात दोन टोपल्या. एक तिनं माझ्या पुढ्यात ठेवली आणि चालू लागली. बोलावलं नाही, विचारलंही नाही. प्रज्ञा चप्पल घालत होती. मीही निघाले.

फटफटत होतं. वाटेत पंधरा-वीस बाया भेटल्या, सगळ्या एकत्र, मोठमोठ्यानं बोलत. मला वाटलं गप्पा. प्रज्ञा म्हणाली, अस्वल असते, त्यालेही मोह आवडते, आवाज असला का दूर राह्यते. त्यानंतर माझ्याइतकं मोठ्यानं कुणीच बोलत नव्हतं. मी मराठीत काय वाट्टेल ते बोलत होते आणि बाया पदराआड हसत होत्या.

जैनीबाईचं झाड मोठं, बुंध्याभोवतीची जागा झाडून लख्ख केलेली आणि त्यावर फुलांचा सडा. प्रत्येक झाड कुणाचं तरी असतं, हे मला तिथं कळलं. कुंपण नाही, पाटी नाही, कागद नाही. हे झाड जैनीबाईच्या सासूचं, सासूनंतर तिचं. शेजारचं फूल पडून कुजलं तरी दुसरी बाई उचलत नाही. आमच्याकडे कुंपणाबाहेर आलेल्या पेरूवरून कोर्टापर्यंत जातात.

अर्ध्या तासात माझी कंबर गेली. जैनीबाईची टोपली भरली, माझ्या टोपलीचा तळ झाकला. मी बुंध्याला टेकून बसले आणि जो प्रश्न काल विचारायला हवा होता तो शेवटी विचारला.

"बाई, बुधवार काऊन नको?"

माझं 'काऊन' ऐकून तिला हसू आलं. ती मराठी थांबत थांबत बोलते, पण मला समजावं म्हणून बोलली.

"बुधवारी बाजार. मोह, चारोळी, चिंच, बाजारात कोन इकते? आमी बाया. मंग बुधवारी गावात कोन राह्यते? मानसं." तिनं मूठभर फुलं टोपलीत टाकली. "तुमचा सायेब येईन. मानसं जाऊन बसतीन. कागदावर नाव कोनाचं चढन? आमचं चढन का?"

मी बुंध्यापासून सरळ होऊन बसले.

"मी एकटी राह्यली असती. बाजार सोडून. माह्यं काम झालं असतं," ती म्हणाली. "बाकीच्या बायायचं काय?" आणि तिनं झाडाझाडाखाली वाकलेल्या त्या पंधरा-वीस बायांकडे हात केला.

अगं बाई! इतकी साधी गोष्ट. सात हेलपाटे घालून रिकाम्या हातानं परतलेली बाई स्वतःचं काम दारात आलेलं असताना दुसऱ्यांसाठी अडून बसली होती, आणि मी तिला शकुन-अपशकुनवाली समजून बसले होते. लाज वाटली. अगदी कानशिलं तापेपर्यंत वाटली.

"हे तुम्ही आधी सांगितलं का नाही?"

"सांगितलं. पयल्या मिटिंगीत. हिनं लिवलं," तिनं प्रज्ञाकडे बोट दाखवलं. "माह्या समोर लिवलं."

प्रज्ञा खाली बघून फुलं वेचत राहिली. "शेऱ्यात, ताई," ती हळूच म्हणाली.

आणि मला एकदम आठवलं. शेरा. शेऱ्याचा रकाना. वेळापत्रकाच्या तक्त्यात अगदी उजवीकडे तो होता, आणि त्याच्यामुळे तक्ता दोन बोटं दुसऱ्या पानावर जात होता. मला ते एका पानावर हवं होतं. मी तो रकाना न वाचता लपवून टाकला होता.

गावात परतल्या परतल्या जीपच्या बॉनेटवर लॅपटॉप उघडला आणि रकाना उघडा केला. सहा ओळी, प्रज्ञाच्या. बुधवारच्या गावापुढे लिहिलं होतं: "बुधवारी बाजार. स्त्रिया गावात नसतात. दिवस बदलावा. जैनीबाई हिचामी यांनी सांगितले." आणि दोन ओळी खाली, शुक्रवारच्या गावापुढे: "शुक्रवारी बाजार. बुधवार चालेल." दोन गावं एकमेकांचं उत्तर होती. दोन महिने ते उत्तर माझ्याच संगणकात पडून होतं. कपाळ माझं!

"प्रज्ञा, चुकलं माझं. मी हे वाचलंच नव्हतं."

तिनं पहिल्यांदा माझ्याकडे सरळ बघितलं. "मले वाटलं तुमी वाचलं अन् नाई म्हटलं. मोठ्या ऑफिसात वाचूनच नाई म्हणतेत. मंग दुसऱ्यांदा काऊन सांगू?"

मी तिचा हात धरला. तो मोहानं चिकट होता, माझाही होता.

गावात, शुक्रवारी

रेंज टेकाडावर मिळते. सुरेशभाऊंनी जीप वर घेतली आणि मी हेलेनाला, म्हणजे युरोपातल्या आमच्या वरिष्ठ बाईंना, फोन लावला. वेळापत्रक मंजूर झालं होतं, आता बदल म्हणजे पुन्हा तीन सह्या. मी काही लपवलं नाही, पान एकच हवं होतं तेही सांगितलं. ती म्हणाली, दिवस बदल, सह्यांचं मी बघते. आणि तो रकाना मला पाठव, दुसऱ्या दोन देशांच्या तक्त्यांत असाच काही लपलाय का ते मला बघायचंय. प्रज्ञानं तोवर शुक्रवारच्या गावाच्या सचिवांना फोन केला. ते म्हणाले, आम्ही तर बुधवारच मागितला होता.

दुपारी पुन्हा गोटुल. या वेळी मी आधी चूक सांगितली. "हे मला लिहून दिलं होतं. मी वाचलं नाही. जैनीबाई बरोबर होत्या. आता तुमचा दिवस शुक्रवार." प्रज्ञानं ते गोंडीत सांगितलं तेव्हा बायांच्या बाजूनं एकदम गलका झाला. मला वाटलं झालं काम.

कसलं! रैनूभाऊंनी पुन्हा पहिल्यापासून एकेकाला विचारायला घेतलं. दिवस नवा म्हणजे होकारही नवा. हाव, हाव. जैनीबाईनं मान हलवली, "हाव." आणि मग ते एका माणसापाशी थांबले. पागोट्याचं टोक चघळत बसलेला, साठीचा. प्रज्ञा माझ्या कानात म्हणाली, "जैनीबाईचा दीर."

आता मला कळलं काम कुठे अडलंय ते. बुधवार राहिला असता तर कागद घेऊन आधी पोचणारा हाच. शुक्रवार झाला तर जैनीबाईचं नाव लागणार. आणि इथं हात मोजत नाहीत. काल तिनं एकटीनं अडवलं, आज हा एकटा अडवू शकत होता. कालच मी बहुमत बहुमत करत होते, आता मला तेच हवंसं वाटायला लागलं. त्यानं जमिनीवर काडीनं रेघा मारल्या. कुणी त्याला घाई केली नाही. कुणी समजावलंही नाही. जैनीबाई दुसरीकडे बघत होती, पण तिच्या मांडीवरचा हात घट्ट आवळलेला मला दिसला.

शेवटी तो बोलला, आणि बहुधा मला समजावं म्हणून मराठीत बोलला. "तिच्या मोहावर कोनी वाद केला का आजवर? झाडाचा नाई केला तं जमिनीचा काऊन करू?" काडी फेकली. "हाव."

रैनूभाऊंनी खिशातून पेन काढलं. ठराव लिहिला, सह्या-अंगठे झाले. 'बाजूने' आणि 'विरोधात' या चौकटी त्यांनी कोऱ्या ठेवल्या आणि कागद माझ्याकडे दिला. मी खाली शेऱ्यात लिहिलं, "सगळे." जागा कमी पडली असती तर दुसरं पान जोडलं असतं.

निघताना जैनीबाईनं वाळलेल्या मोहाचं गाठोडं माझ्या मांडीवर ठेवलं. मी म्हटलं, "बाई, पहिल्या शुक्रवारी पहिला नंबर तुमचा."

"पयला नको. सगळ्यायले मी थांबवलं. मी शेवटी येतो."

मी किती समजावलं, ऐकली नाही. तीन वाजून पन्नास मिनिटं झाली होती. सुरेशभाऊंनी घड्याळ दाखवायच्या आत मी जीपमध्ये बसले.

पुण्यात

आईनं त्या मोहाचं काय करायचं म्हणून विचारलं. मी प्रज्ञानं सांगितल्याप्रमाणे गुळाबरोबर कुटून लाडू केले. आई म्हणाली, बेदाण्याचे असावेत असे लागतात, आणि चार शेजारणींना नेऊन दिले. फ्रिजवर आता नवं वेळापत्रक आहे. दोन पानी.

पहिला शुक्रवार आला तेव्हा मी ऑफिसात होते. दिवसभर फोनकडे बघत होते, काम काही सुचत नव्हतं. कारकुनाच्या लॅपटॉपसाठी गोटुलवर अँटेना बसवला होता, त्यामुळे आता गावातूनही फोन लागायचा. बरोबर चार वाजता सुरेशभाऊंचा फोन.

"म्याडम, चार झाले. आज बायायची लय गर्दी होती. एक जन बाकी हाय."

"कोण?"

"जैनीबाई. सकाळपासून खांबाजवळ बसून हाय. सगळ्यायले पुढे जाऊ दिलं." मग आवाज उतरवून म्हणाले, "पण नियम हाय. साहेब ब्याग भरून राह्यले."

म्हणजे माझ्याच नियमानं तिचा आठवा हेलपाटा होणार होता, तोही घराच्या दारात. मी उभीच राहिले.

"सुरेशभाऊ, ऊन किती आहे अजून?"

"लय हाय. सहापर्यंत आष्टीच्या रस्त्याले आरामात लागतो."

"मग मागच्या सीटवरचा तो कागद काढा, आणि साहेबांना बॅग उघडायला सांगा. जबाबदारी माझी."

"काढतो," ते म्हणाले. कागद टरटर फाटल्याचा आवाज मी ऐकला. जरा जास्तच जोरात फाडला त्यांनी. फोन मात्र बंद केला नाही, तसाच हातात धरून गोटुलमध्ये गेले असावेत, कारण पुढचं मला सगळं ऐकू येत होतं. प्रज्ञाचा आवाज, कागदांची सळसळ, कारकुनानं नवऱ्याचं नाव विचारलं, गावाचं नाव विचारलं. मग शिक्का. धप्प. सात वेळा कचेरीत जाऊन जो कागद तिला मिळाला नव्हता तो हा होता, अर्ज पोचल्याची पोच, तारखेसकट.

"ही सांभाळून ठेवा, बाई," कारकून म्हणाला.

"वाचून दाखवा," जैनीबाई म्हणाली.

त्यानं वाचलं. अर्जदार, जैनी हिचामी. वारस म्हणून नोंद होण्याबाबत. मागच्या बायांची कुजबुज थांबली.

"अखीन एक डाव वाचा."

त्यानं पुन्हा वाचलं, या वेळी सावकाश. मी इकडे पुण्यात खुर्चीच्या पाठीला धरून ते दुसऱ्यांदा ऐकलं. गाडी चार वाजून बावीस मिनिटांनी निघाली.